जहाजाच्या भिंतीवर लावलेला कागद

प्रा. शैलजा बडेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्या कर्जतजवळच्या दहिवलीच्या घराच्या पडवीत. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्यासवृत्तीसाठी मुलाखत होती आणि अण्वस्त्रांच्या प्रसारावर पंधरा दिवस पाठांतर करून मी खोपोलीहून एस.टी.ने कर्जतला आले होते. बाईंनी माझे सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मध्ये एकदाही अडवले नाही. मग त्यांनी अर्जावरचा पत्ता पाहून विचारले, कुंभिवलीत तुझे घर कुठे? मी म्हटले, हायवेला लागूनच. पुढे वडिलांचे पंक्चरचे दुकान आणि मागे घर.

"म्हणजे दिवसभर दारावरून कंटेनर जात असतील," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावर काय लिहिलेलं असतं?"

मला सांगता आले नाही. एकोणीस वर्षे ते कंटेनर पाहत होते, त्यांच्या धक्क्याने घरातली भांडी हलताना ऐकत होते. पण त्यांच्यावरचे एक अक्षरही कधी वाचले नव्हते. आठ दिवस दुकानात बसून वाच आणि मग ये, असे बाईंनी सांगितले. मला तो नकारच वाटला. परतीच्या प्रवासात मी खिडकीकडे तोंड करून रडले. घरी बाबांना सांगितले तर ते म्हणाले, "मग बस की. स्टूल रिकामंच हाय."

मी बसले. टायर काढायला थांबलेल्या ड्रायव्हरांना विचारू लागले, हे कुठून आले, कुठल्या जहाजातून उतरले. रात्री ती जहाजे मोबाईलवर शोधू लागले. आठव्या दिवशी वही भरली होती आणि त्या वहीतून एक प्रश्न डोके वर काढत होता. माल एका देशाचा, जहाजाचा मालक दुसऱ्या देशातला, आणि नोंदणीच्या देशाचा म्हणून जहाजावर लावलेला झेंडा मात्र अशा एका चिमुकल्या बेटाचा, की शाळेतल्या नकाशात ते मला सापडेना. हे असे का? बाईंनी वही उलटसुलट चाळली आणि म्हणाल्या, "याचं उत्तर मला माहीत नाही. म्हणून तुला घेते आहे."

प्राध्यापक असे म्हणू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

या गौरवग्रंथाचे काही वाचक कर्जत-खालापूरच्या बाहेरचे असतील, म्हणून अभ्यासवृत्तीविषयी थोडे सांगते. बाईंनी कर्जतच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी ही अभ्यासवृत्ती सुरू केली. दरवर्षी दोन तालुक्यांतले तीन विद्यार्थी निवडायचे, दोन वर्षे त्यांच्या पुस्तकांची आणि प्रवासाची सोय करायची, दर शनिवारी पडवीत बसून ज्याने त्याने आपल्या कामाचा हिशोब द्यायचा, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढे प्रबंध ठेवायचा. अट एकच. विषय जगाचा असला तरी त्याचे एक टोक आपल्या तालुक्यात असले पाहिजे. दिल्ली-मुंबईतले जाणकार ही अट ऐकून हसत, असे बाई स्वतःच सांगत. पण त्यांनी ती कधी सैल केली नाही.

माझ्याबरोबर दोघे होते. कडावच्या प्रथमेशने तांदळाच्या निर्यातबंदीचा विषय घेतला होता. सरकार बंदरावर तांदूळ अडवते तेव्हा कडावच्या गिरणीत आणि आफ्रिकेतल्या बाजारात काय होते, याचा तो माग काढत होता. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली यमुना निरगुडा शिकेकाईच्या मागे होती. तिची आई रानातून गोळा करून आणायची ती शेंग परदेशातल्या कुठल्या बाटलीत जाते आणि त्या बाटलीवर वाडीचे नाव का नसते, हा तिचा प्रश्न. बाई आम्हा तिघांचे लेखन पेन्सिलने तपासत. ऐकीव माहितीखाली रेघ मारून समोर लिहीत, "कोणी सांगितलं?" पूर्ण पान चांगले जमले तर कोपऱ्यात बारीक अक्षरात "ठीक" लिहिलेले असे. दोन वर्षांत मला असे चार "ठीक" मिळाले. यमुनेला सात मिळाले, हे तिने मला आजही विसरू दिलेले नाही.

माझा थोरला भाऊ संदेश तेव्हा बोटीवर होता. आयटीआय करून एका एजंटामार्फत तो मालवाहू जहाजाच्या इंजिन खोलीत खलाशी म्हणून लागला होता. त्याच्या जहाजावरही कुठल्यातरी बेटाचाच झेंडा होता आणि मी गमतीने त्याला माझे उदाहरण क्रमांक एक म्हणत असे. अभ्यासाचे दुसरे वर्ष सुरू झाले आणि दादाचे फोन कमी झाले. आईशी बोलताना तो म्हणे, सगळे बरे आहे. एका दुपारी त्याने मला एकटीला फोन केला.

"मने, आईला सांगू नको," तो म्हणाला. "मालकानं आमाला सोडून दिलंय. दोन महिने झाले, कोणी फोनच उचलत नाय."

पश्चिम आशियातल्या एका बंदराबाहेर जहाज नांगरून ठेवले होते. नऊ माणसे वर. पगार पाच महिन्यांपासून बंद. जनरेटरला डिझेल नाही, म्हणून दिवे नाहीत आणि फ्रिजही बंद. फोन तेवढा एका छोट्या सौर पट्टीवर कसाबसा चार्ज होई. खायला तांदूळ आणि कांदा. उतरून घरी यावे, तर बदली माणसे आल्याशिवाय बंदराचे अधिकारी उतरू देत नव्हते आणि पासपोर्ट त्यांच्याच ताब्यात होते. एजंटाचे ऑफिस बंद होते.

शनिवारी मी बाईंना सांगितले, की मला आता अभ्यासवृत्ती नको, मला भावाला आणायचे आहे.  बाई म्हणाल्या, की त्याला कसे आणायचे ते त्यांना माहीत नाही, पण ते माहीत करून घेता येईल. त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि दादाशी होणारे प्रत्येक बोलणे तारीख घालून लिहायला सांगितले. पाणी किती उरले, कोण आजारी आहे, कोणाला पत्र लिहिले, काय उत्तर आले, सगळे. मला त्या वहीचा रागच आला. माणसे उपाशी आहेत आणि बाईंना टिपणे हवीत, असे वाटले.

पुढच्याच आठवड्यात बाई कुंभिवलीला आल्या. दादाची गोष्ट तोवर आईला कळली होती आणि तिने जेवण सोडले होते. नातेवाईक येत, काही होत नाही म्हणत, चहा पिऊन जात. बाई मिनिडोर रिक्षातून उतरून, साडीचा पदर सावरत दुकानाच्या मागच्या दाराने आत आल्या आणि आईसमोर खाली बसल्या. आईने एवढेच विचारले, "बाई, माझ्या पोराला जेवायला मिळतंय का?"

मी बाईंकडे पाहून डोळ्यांनीच खूण केली, की हो म्हणा. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही.

"परवा मिळालं होतं," त्या म्हणाल्या. "भात आणि कांदा. आजचं मला माहीत नाही. कळलं की मी तुम्हाला सांगेन."

आई रडली नाही. थोड्या वेळाने उठली आणि तिने भाकरी टाकायला घेतली. बाई जेवूनच गेल्या. नंतर आई मला म्हणाली, "ही बाई खोटं बोलत नाय गं. समदे सांगतात ते मला गोड वाटतं, पण पोटात राहात नाय." त्यानंतर चार-सहा दिवसांआड बाईंचा आईला फोन येई. कधी बातमी बरी असे, कधी वाईट. पण असेल तीच त्या सांगत.

बाईंच्या विद्वत्तेविषयी या ग्रंथात अधिकारी व्यक्तींनी लिहिलेच असेल. मी फक्त जे पाहिले ते सांगते. बाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. समुद्रावरच्या कायद्यांचा आणि त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. नाविकांच्या हक्कांविषयी देशादेशांत झालेला करार त्यांनी मिळवला आणि शब्दकोश घेऊन पहिल्या कलमापासून वाचायला बसल्या. माझ्याही हातात एक प्रत दिली. मी माझ्या भावाचे नाव कुठे सापडते का अशा घाईने वाचत होते. बाई जणू उद्या परीक्षा आहे अशा वाचत होत्या. अडले की खूण करून ठेवत आणि शनिवारी मलाच विचारत, याचा अर्थ तुला काय लागतो? त्यांना खरोखरच माहीत नसे. एवढ्या मोठ्या बाई माझ्यासारख्या मुलीबरोबर एका बाकावर बसून शिकत आहेत, हे पाहताना मला कधी कधी भीती वाटे. यांच्या विश्वासाला आपण पुरे पडू का, याची ती भीती होती.

आम्ही पत्रे लिहिली. झेंड्याच्या बेटाला लिहिले, वकिलातीला लिहिले, आपल्याकडच्या जहाजवाहतुकीच्या कार्यालयाला लिहिले. बेटाकडून काहीच आले नाही. इतरांची उत्तरे आली ती विषयाची नोंद घेतल्याची.

याच काळात मी बाईंशी भांडले. वर्तमानपत्रासाठी मी एक जळजळीत मजकूर लिहिला होता. त्यात मालकाचे, एजंटाचे नाव आणि मनात येईल ते सगळे होते. बाईंनी तो वाचला आणि तसाच टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हे छापून आल्यावर मालक राग कोणावर काढेल? माणसे अजून जहाजावरच आहेत. मी उठून उभी राहिले आणि बोलून गेले, "तुमचा भाऊ असता तर?"

यमुना आणि प्रथमेश खाली बघत राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा असता तर मीही हेच लिहिलं असतं. मग तू मला थांबवायला हवं होतंस."

मी तो कागद परत घेतला आणि पाठवला नाही.

करार वाचता वाचता बाईंना एक कलम सापडले. मालकाने नाविकांना वाऱ्यावर सोडले, तर त्यांच्या अन्नपाण्याची, घरी परतण्याची आणि काही महिन्यांच्या पगाराची जबाबदारी एखाद्या विमाकंपनीने घेतलेली असली पाहिजे; आणि त्या हमीचा कागद जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेला असला पाहिजे. बाईंनी ते कलम मला तीन वेळा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "दादाला सांग, जहाजाच्या भिंतींवर जे जे लावलंय ते सगळं वाच."

दादा वैतागला. पोटात काही नाही आणि भिंती काय वाचायच्या, म्हणाला. तरी त्याने वाचल्या. दोन दिवसांनी जेवणाच्या खोलीत, आग लागल्यास काय करावे याच्या मोठ्या तक्त्याखाली त्याला एक इंग्रजी कागद सापडला. कोणीतरी तक्ता त्याच्यावरच चिकटवला होता. फोनवर त्याचे छायाचित्र आले ते अंधुक. शनिवार होता. यमुनेने आपली शिकेकाईची टाचणे बाजूला ठेवली आणि उन्हात नेऊन, मोबाईल तिरका धरून एकेक अक्षर लावले. विमाकंपनीचे नाव लागले. क्रमांक लागला. शेवटी मुदतीची तारीख लागली, आणि यमुना म्हणाली, "बाई, एकोणीस दिवस राह्यलेत."

बाईंना मी कधी घाईत पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. त्यांनी प्रथमेशला स्कॅनिंगच्या दुकानात पिटाळले, स्वतः अर्जाचा मसुदा सांगू लागल्या आणि मी लिहू लागले. जहाज सोडून दिले आहे हे सिद्ध कशाने होणार, असा प्रश्न आला तेव्हा बाईंनी माझ्यापुढे हात केला. मला आधी कळलेच नाही. त्यांना ती वही हवी होती. त्या वहीत त्र्याऐंशी दिवसांची नोंद होती: कोणत्या दिवशी मालकाला फोन केला, कोणत्या दिवशी पाणी संपले, कोणत्या दिवशी बंदराच्या माणसाने पाण्याचे कॅन दिले. ती जशीच्या तशी इंग्रजीत करून, नऊही जणांच्या सह्यांची छायाचित्रे मागवून, आम्ही अर्ज संध्याकाळच्या आत पाठवला. घरी जाताना मी बाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, अजून काही झालेले नाही.

नवव्या दिवशी उत्तर आले. कंपनीने जबाबदारी मान्य केली होती. त्याच आठवड्यात जहाजावर डिझेल, पाणी आणि धान्य पोचले. दादाचा फोन आला तेव्हा मागे जनरेटरचा आवाज येत होता. मी तो आवाज बाईंना ऐकवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आईला फोन लावून द्यायला सांगितले. "आज जेवलाय," त्या आईला म्हणाल्या. "वरण, भात आणि बटाट्याची भाजी."

परतीला आणखी चार महिने लागले. जहाज राखायला माणसे मिळेपर्यंत बंदराचे अधिकारी त्यांना सोडत नव्हते. दरम्यान माझा प्रबंध पूर्ण होत आला. त्याचा विषय आता नुसता झेंड्यांचा राहिला नव्हता; झेंडा ज्याचा, जहाज ज्याचे आणि माणसे ज्यांची, या तिघांच्या मधल्या फटीत नाविक कसा अडकतो, हे मी लिहिले होते. बाईंनी तो वाचून सांगितले, की देण्याआधी ज्यांच्याविषयी लिहिले आहेस त्यांना वाचून दाखव. मी रोज दुपारी फोनवर हिंदीत एकेक भाग सांगू लागले. एका पानावर मी जहाजावरच्या स्वयंपाक्याविषयी लिहिले होते. शेवटचे पोते संपत आले तेव्हा तो ते कसे लपवून ठेवी आणि एकदा त्यावर डोके टेकवून कसा रडला, हे दादाने सांगितलेले. माझे सर्वांत चांगले पान होते ते. बाईंनी कोपऱ्यात "ठीक" लिहिले होते. स्वयंपाकी बिहारचा होता. त्याने ऐकून घेतले आणि ते काढून टाकायची विनंती केली. त्याची मुले शाळेत होती. बाप रडला हे त्यांना कागदावर वाचायला मिळू नये.

मी बाईंना म्हटले, नाव बदलते. बाई म्हणाल्या, "नऊ माणसांच्या जहाजावर स्वयंपाकी एकच असतो."

मी ते पान काढले. त्याशिवाय प्रबंध जरा लंगडा झाला आणि परीक्षकांनी नेमक्या त्याच जागी शेरा मारला. बाईंनी परीक्षकांना कारण सांगितले नाही आणि मलाही सांगू दिले नाही. बाईंकडून मी जे काही शिकले त्यात हे सर्वांत अवघड होते.

दादा परत आला त्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या नाहीत. घरच्यांचा दिवस आहे, म्हणाल्या. दादाच तिसऱ्या दिवशी दहिवलीला गेला. काय बोलावे ते त्याला सुचेना, म्हणून त्याने पडवीतला गळका नळ दुरुस्त केला. पुढे वर्षभराने तो पुन्हा बोटीवर निघाला तेव्हा आईने आकांत मांडला. मीही त्याच्याशी बोलेनाशी झाले. बाई मात्र म्हणाल्या, की ते त्याचे काम आहे आणि ते त्याला येते. त्यांनी त्याला त्याचा नवा करारनामा घेऊन बोलावले आणि दोघांनी मिळून तो ओळीने वाचला. विम्याचा कागद लावलेला पाहिल्याशिवाय सामान खोलीत ठेवायचे नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. दादा आज सेकंड इंजिनिअर आहे आणि नव्या पोरांकडून तो हेच करून घेतो.

मीही आज नवी मुंबईत नाविकांच्या करारांविषयी सल्ला देण्याचेच काम करते. यमुना पीएच.डी. करते आहे आणि तिच्या वाडीच्या बायका शिकेकाई आपल्या नावाने विकतात. प्रथमेश शेतीच करतो, पण जगाच्या बाजाराच्या बातम्या तो तालुक्यात सर्वांच्या आधी वाचतो. आमच्यानंतरही तिघे-तिघे येतच राहिले. आमच्यापैकी कोणाच्याही यशात बाईंनी स्वतःचा वाटा सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. या ग्रंथालाही त्यांची संमती मिळाली ती बऱ्याच विनवण्यांनंतर, आणि "खोटी विशेषणे घालू नका" या अटीवर.

यंदा बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. पडवीत आता शनिवारखेरीज इतर दिवशीही माणसे असतात. खालापूरकडची मुले आखातात कामाला निघण्याआधी हातात करारनामा घेऊन येतात. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा टेबलावर लहान मुलांची अक्षरओळखीची वही होती. बाईंनी अरबी शिकायला घेतली आहे. करारनाम्याची इंग्रजी प्रत एक सांगते आणि अरबी प्रत दुसरेच, असे एका मुलाच्या बाबतीत त्यांना आढळले. आणि कोणाच्या तरी भाषांतरावर विसंबून त्या मुलाला सल्ला देणे त्यांना बरे वाटेना. भिंगातून पाहत त्या उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर गिरवत होत्या. मी विचारले, किती दिवसांत येईल? बाईंनी गंभीरपणे हिशोब केला. म्हणाल्या, कायद्याची भाषा आहे, नीट वाचता यायला दहा वर्षे तरी लागतील.

आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने बाईंना उत्तम आरोग्य आणि स्वच्छ दृष्टी लाभो, अशी मनापासून इच्छा करते. आणि अरबी त्यांच्या दहा वर्षांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अवघड निघो.